दिवाकरभाऊंची तीन चाकं

वैशालीचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या माझ्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो कापत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. सकाळी नळाचं पाणी भरता भरता दिवाकरभाऊंच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला. त्यांच्या चांगल्या आठवणी पुष्कळ आहेत, पण एक गोष्ट कबूल केल्याशिवाय त्या लिहिण्याचा मला हक्क नाही...

कळंबला त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. कापसाचे ते वाईट दिवस होते. लोक फवारणीच टाळू लागले, तिथे पंप कोण दुरुस्त करणार? म्हणून लग्नसराईत भाऊ माझ्याबरोबर व्हिडिओ शूटिंगला येत. मी नागपूरहून एक स्वस्तातली डॉली आणली होती, म्हणजे कॅमेऱ्याच्या तिपाईखाली बसवायची तीन चाकांची ट्रॉली. चाकं प्लास्टिकची आणि इवलीशी. फरशीच्या प्रत्येक सांध्यावर कॅमेरा हादरायचा. पहिल्याच लग्नाची कॅसेट बघून भाऊ म्हणाले, "काहून बे सुधीर, नवरीले हिव भरल्यावानी दिसून राह्यलं. नवरदेव पाहून थरथरली काय?"

आठवडाभर ती डॉली त्यांच्या दुकानात पडून होती. मग त्यांनी भंगारवाल्याकडून एका मोडक्या स्ट्रेचरची रबरी चाकं मिळवली. "चाक मोठं असलं का फटीत पडत नाही, अन् रबर असलं का दणका वरतं जात नाही," असं ते मला समजावत होते. जुने बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन त्यांनी नवं ग्रीस भरलं, चाकं डगमगू नयेत म्हणून प्रत्येक बोल्टला पंपातले वायसर कापून लावले. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला डॉलीवर ठेवून त्यांनी ती दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. थेंब सांडला नाही. तेव्हाचा त्यांचा चेहरा मी कॅमेऱ्यात घ्यायला हवा होता. घेतला नाही.

पुढच्या हिवाळ्यात कापसावर माहितीपट करणारी मंडळी मुंबईहून आली. त्यांचा कॅमेरामन आजारी पडला, म्हणून मला बोलावलं. खरेदी केंद्रावर कापसाच्या बैलगाड्यांची लांबच लांब रांग होती. भाऊंनी जमिनीवर प्लायवूडचे तक्ते अंथरले आणि कमरेतून वाकून, पावलाचा आवाज न करता, डॉली रांगेच्या कडेकडेने ढकलत नेली. दिग्दर्शकाने छोट्या पडद्यावर तो शॉट दोनदा पाहिला. "ये ट्रॉली किसने बनाई?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "मैंने."

भाऊ तिथेच उकिडवे बसून चाकाच्या आसाला गुंडाळलेला कापूस बोटांनी काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. परतताना गाडीवर मी चाचरत विषय काढला, तर मागून म्हणाले, "जाऊ दे ना बे. मले कुठं मुंबईले जायाचं हाय? तुले काम भेटन. फक्त उद्या स्ट्रेचरही म्याच बनवलं म्हणून सांगू नको."

मी हसलो. काम मिळालंही, तीन वर्षं; डॉली ढकलायला तिथली पोरं असत, भाऊ नसत. या गावाहून त्या गावाला फिरताना इतर कॅमेरामन विचारत, अशी चाकं आम्हालाही करून द्या. एकदा नाही, अनेकदा. मी म्हणायचो, आता वेळ नाही. त्यांना कळंबला पाठवलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं, म्हणून पाठवलं नाही. तिकडे दुकानात काम नव्हतं. तिसऱ्या वर्षी भाऊंनी दुकान बंद केलं आणि एका जिनिंग कारखान्याच्या फाटकावर चौकीदार म्हणून उभे राहिले. मला हे ठाऊक होतं...

तेरवीला वैशाली मला वाढत होती. म्हणाली, "काका, बाबा नेहमी सांगायचे, सुधीरचं डोकं लय चालते. स्ट्रेचरचे चाकं लावायचं तुम्हालेच सुचलं होतं ना?" पंगतीत सगळे बघत होते. मी मान डोलावली. त्यांच्या घरात, त्यांच्या तेरवीच्या पानावर बसून, दुसऱ्यांदा तेच खोटं.

हा लेख छापायला द्यायच्या आधी मी डॉली घेऊन कळंबला गेलो आणि वैशालीला आणि वहिनींना सगळं सांगितलं. वहिनी उठून आत गेल्या. वैशालीने खाली बसून एक चाक बोटाने फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "पण मंग बाबा आमच्याशी खोटं कायले बोलले?"

माझं खोटं झाकायला त्या माणसाला स्वतःच्या लेकीशी खोटं बोलावं लागलं, हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

"चालवून दाखवा," ती म्हणाली. मी इतकी वर्षं कॅमेऱ्याला डोळा लावून उभा राहिलो होतो; डॉली कधीच ढकलली नव्हती. वाकलो. चार पावलांत कंबर भरून आली, हात कमीजास्त पडू लागला, डॉली अडखळत भिंतीपर्यंत गेली. चाकं तीच होती.

"हिसका बसून राह्यला, काका," वैशाली म्हणाली.

मी म्हणालो, "हो. त्यांच्या हाताने बसत नव्हता."