आठ वाफ्यांची बागायत

सुरतेतल्या उधन्याच्या प्रमिलाबाईंना मासे आवडत नसत. खायला तर नाहीतच, बघायलाही नाहीत. तरी घरमालक मगनभाईंच्या सुनेनं, वास येतो म्हणून काचपेटीतले मासे गटारात ओतायला काढले, तेव्हा "माय वं, जीव आहे त्यांना!" म्हणत बाईंनीच बादली पुढे केली. मासे गेले गच्चीवरच्या हौदात. आता त्यांचं पाणी बदलायचं कुणी? बाईंनी. ते हिरवट पाणी ओतायचं कुठे? समोर फुटकं घमेलं होतं, त्यात.

त्या घमेल्यात काय होतं म्हणाल, तर रेशनच्या तांदळात निघणारे टरफलासकटचे दाणे. बाई निवडायला बसल्या की ते बाजूला काढायच्या आणि चिमण्या खातील म्हणून घमेल्यातल्या मातीवर भिरकावायच्या. चिमण्यांनी थोडे सोडले, माशांच्या पाण्यानं ते धरले, आणि श्रावणात बघतात तर हातभर उंच हिरवागार भात! बाई जिन्यावरून ओरडतच खाली आल्या, "अहो, भात आला, भात!" नवरा सुपडू कापडाच्या लूमवर रात्रपाळी करून आडवा झालेला. तो झोपेतच म्हणाला, "वाढ मग."

हसू नका. बाईंच्या डोक्यात तिथूनच ते खूळ शिरलं. लहानपणी त्या आईबरोबर नवापूरकडे भात लावायला जायच्या, कापायला जायच्या. हजारो मुठी कापल्या असतील, पण एक लोंबी स्वतःची नव्हती. वीतभर जमीन माहेरी नाही, सासरी नाही. आणि आता उधन्यात, तेही दुसऱ्याच्या गच्चीवर, त्यांचा स्वतःचा भात उभा होता. पुढच्या वर्षी त्यांनी चार निळे ड्रम आणले, मधोमध उभे चिरून आठ वाफे केले, त्यांत बारीक खडी भरली. डोकं पोरीचं, हर्षदाचं. तिनं बिघडलेल्या कूलरची मोटर काढून हौदात बसवली. हौदातलं पाणी मोटर वर ढकलणार, ते वाफ्यांतून फिरत फिरत पुन्हा हौदात पडणार. माशांनी घाण करायची, भातानं ती खाऊन फुगायचं, आणि माशांना परत चोख पाणी. मलेरियाचा माणूस साचलेलं पाणी बघायला आला, तर बाईंनी त्याला हात धरून हौदाशी नेलं. "साचलंय कुठे? धावतंय बघ! आणि एक तरी अळी दाखव, माझे मासे ठेवतात का ते!" बिचारा दुसऱ्या दिवशी आपल्या बायकोला बघायला घेऊन आला.

तर अशा भरात असताना अमळनेरकडून मध्यस्थ किसनचा निरोप आला, एसटीडीवरून फोन करा. हर्षदासाठी गजेंद्रचं स्थळ. हर्षदाला गजेंद्र ठाऊक होता. एका लग्नाच्या पंगतीत तो मठ्ठा वाढत होता आणि तिच्याकडे बघण्याच्या नादात त्यानं अर्धा मठ्ठा तिच्या मांडीवर वाढला होता. तेव्हापासून मठ्ठा म्हटलं तरी पोरीचे कान लाल व्हायचे. हे स्थळ जमावं म्हणून बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

फोनवर दोघंही ओरडत होते.

"भाऊ लूमवर आहेत ते माहीत आहे, तुमचं आणखी काय?" किसननं विचारलं.

बाईंना कुणी एवढं विचारलं की संपलंच! "भात लावलाय ना मी!"

"भात? सुरतेला? किती?"

"आठ वाफे!"

"पाणी?"

"बारमाही!"

"मोटर आहे?"

"हाये ना!"

"किती एचपीची?"

"कूलरची!" बाई ओरडल्या, पण तेवढ्यात लाइन तुटली.

सांगा आता, यात एक अक्षर तरी खोटं होतं का? पण किसन तडक गेला आणि गजेंद्रच्या वडिलांना, रामदास आप्पांना सांगून आला की सुरतेची मंडळी बागायतदार आहे, भाताची.

दिवाळी झाल्यावर मंडळी आली. रामदास आप्पा, त्यांची बायको मंगलाबाई, गजेंद्र आणि पुढे पुढे किसन. पोहे झाले, चहा झाला. मग आप्पांनी टोपी सारखी केली, पिशवीतून कागदात गुंडाळलेला नवाकोरा विळा काढला आणि म्हणाले, "कापणीचे दिवस आहेत म्हणे. म्हटलं, नुसतं बसून काय करायचं, हात लावू. तुम्हनं वावर कोठे शे?"

प्रमिलाबाईंच्या हातातली बशी हातातच राहिली. किसननं काय दिवे लावले होते ते त्यांना तेव्हा कळलं.

सुपडूनं त्यांना स्वयंपाकघरात ओढलं. तिथे मगनभाई आधीच येऊन उभे होते. कामरेजला त्यांची खरीखुरी शेती होती, आणि गडी नुसता रंगात आला होता. "रिक्षा बोलावू? मारुं खेतर ते तमारुं खेतर! कुणाला कळणार आहे?"

"चल ना," सुपडू कुजबुजला. "पोरीचं जमू दे, मग सांगू सावकाश."

बाईंनी दाराच्या फटीतून पाहिलं. बाहेर हर्षदा गजेंद्रला पाणी देत होती आणि दोघंही एकमेकांकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होते. एक रिक्षा, एक खोटं, की पोरगी सुखात. पण कामरेजला जाऊन दुसऱ्याच्या बांधावर उभं राहायचं आणि माझं म्हणायचं? दुसऱ्याच्या बांधावर त्या जन्मभर उभ्या राहिल्या होत्या. आणि माझं म्हणण्यासारखं जे होतं, ते वर गच्चीवर वाऱ्यावर डुलत होतं.

त्या बाहेर आल्या. पदर खोचला. "चाला," म्हणाल्या, "आमनं वावर वर शे."

लोखंडी जिन्यावरून वरात चढली. आप्पा, मागे मंगलाबाई, मागे घाम पुसणारा किसन, आणि त्याच्यामागून बाकी सगळे. वर आठ निळे वाफे, त्यांवर चिमण्या बसू नयेत म्हणून घातलेली जुनी छापील साडी. बाईंनी साडी झटक्यात ओढली आणि एका दमात बोलून टाकलं, "शेत नाही आमचं. वीतभर नाही. हे आहे ते एवढंच आहे, आणि हे माझं आहे. किसनभाऊंना नीट ऐकू गेलं नाही, मलाही नीट सांगता आलं नाही. सोयरीक मोडायची तर मोडा, पण पोरीचा यात दोष नाही."

हौदात पाण्याची धार तेवढी पडत होती. हर्षदानं डोळे गच्च मिटून घेतले.

आप्पांनी चपला काढल्या. वाफ्याशी उकिडवे बसले. एक लोंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली, दाणा दाताखाली धरला. कट्ट!

"पिकलाय की," आप्पा म्हणाले. "दोन दिवसांत गळायला लागेल. थांबलात कशाला?" आणि विळा सुपडूपुढे धरून म्हणाले, "पहिली मूठ मालकानं कापायची असते."

सुपडू दोन पावलं मागे सरला. "मालक मी नाही. ती."

आप्पांनी विळा फिरवला, मूठ बाईंकडे केली. "घ्या, मालकीणबाई."

असं त्यांना जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. डोळे भरले, तरी हात चुकला नाही. कर्रकन मूठ कापली आणि मान वर केली. मालक कुठे उभा आहे, बघतोय का, हे पाहायची लहानपणची सवय. तर सगळे त्यांच्याकडेच बघत होते. बाईंना एकदम हसू फुटलं, रडता रडता हसू, थांबेचना. मगनभाई हसले, किसन हसला, गजेंद्र तर हौदाच्या कठड्यावर बसूनच हसायला लागला.

मंगलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या पुढे आल्या, दोन्ही हातांनी पदर पसरला आणि म्हणाल्या, "टाका इकडे, विहीणबाई."