मांडा पाहू

जपानातल्या ओनो गावात मित्सुएबाईंचा आवाज माहीत नाही असं माणूस सापडायचं नाही. अबॅकसच्या वर्गात बाई रकमा वाचायच्या कसल्या, गायच्याच. आधी लांब सुरात "मांडा पाहूऽऽ", मग आकडे असे सुटायचे की पोरांना श्वास घ्यायची उसंत नाही. मेंदूत रक्त साखळलं ते मेलं नेमकं त्या आवाजाच्याच मुळावर आलं.

"शब्दांची जागा गेली," डॉक्टर म्हणाले. "पण बाईंनी जन्मभर मणी डोळ्यांपुढे आणून हिशेब केले. ते मेंदूच्या दुसऱ्या बाजूला असतं, ते शाबूत आहे."

शाबूत म्हणजे काय, चार म्हणायला जावं तर तोंडून नऊ निघायचे. बोलणं शिकवायला येणारी मुलगी रोज घोकून घ्यायची, पण जिथली वाटच पुसली तिथून नवं शिकणं जाणार कसं? पांघरुणावर डाव्या हाताची बोटं मात्र बिनचूक बेरीज करायची.

वर्ग आता त्यांचीच जुनी विद्यार्थिनी चिगुसा चालवायची. ती म्हणाली, "बाई, परीक्षेआधी एकदा या की. नुसत्या बसा, वाचते मी."

बाईंनी नाक मुरडलं. नुसतं बसायला त्या काय शोभेची बाहुली? त्यांना वाचायचं होतं. एकदाच, पण स्वतःच्या गळ्यानं. त्या आशेवर त्या गेल्या.

वर्गात आपल्या जुन्या गादीवर बसल्या. पोरांची बोटं मण्यांवर टेकली. बाईंनी तोंड उघडलं आणि "मांडा पाहूऽऽ" अख्खं बाहेर पडलं, तोच सूर, तोच हेल. चिगुसाचे डोळे भरून आले.

पुढे काहीच येईना. डोळ्यांपुढे मणी लख्ख, जीभ मात्र दगड. कुणी हसलं नाही. बाईंचा डावा हात आपसूक उठला आणि हवेतच मणी सारू लागला. हवेत मणी सारायची सवय त्या पोरांनाही होतीच. पुढच्या रांगेतल्या सायोनं ते पाहून आपला मणी सरकवला, मग सगळ्यांनी. शेवटी साऱ्यांनी एका सुरात उत्तर दिलं. बरोबर होतं.

सगळे खूश झाले. बाईही हसल्या, पण हाताचं कौतुक कुणाला हवं होतं?

चिगुसाबरोबर घरी जाताना त्या वाटभर पुटपुटत होत्या, "मांडा पाहू, मांडा पाहू." मागोमाग एखादा आकडा येईल म्हणून थांबत होत्या. फाटकापर्यंत एकही आला नाही. चिगुसानं कडी काढली, तरी बाई आत जाईनात. तिथंच उभ्या राहून त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं.