जावई गाडीत चढेना

दीपिका रात्रीच्या भाताला फोडणी घालत होती आणि तिचा नवरा लोकेश आरशापुढं मिशीला तेल लावत होता. ही दोन्ही कामं रोज एकदमच सुरू होत आणि भात ताटात पडला की एकदमच संपत. तेवढ्यात दारावर काठी वाजली.

"लोकेश हाये काय वो बाई?"

दारात मुखरूभाऊ. डोक्याला दुपट्टा, हातात कासरा, पण कासऱ्याला बैल नाही. मुखरूभाऊ बैलाशिवाय दिसले म्हणजे काहीतरी बिनसलं, हे आरमोरीजवळच्या त्या गावात सगळ्यांनाच कळे.

"काय झालं मामाजी?"

"जावई गाडीत चढाले तयार नाई."

जावई हा त्यांचा शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावणारा बैल. नाव वच्छलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं ठेवलेलं. सकाळी कणकेचे गोळे, हिवाळ्यात अंडी, आंघोळीला कोमट पाणी. "मले थंड पानी अन् याले गरम," असं त्या बोअरिंगवर बायकांना सांगत. "आमच्या बुढ्याचं लगन या बैलासंगंच लावाचं होतं." मुखरूभाऊ ऐकून हसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीवर पाणी ठेवत. धानाची शेती बेतास बात, अंगावरचा सदरा विटका. पण पटाला निघाले की चाल अशी, की गावच्या पाटलानं बाजूला व्हावं.

जावई आता उतरणीला लागला होता. येत्या रविवारचा पट त्याचा शेवटचा, असं मुखरूभाऊंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पट लांबच्या गावी. पायी न्यावा तर धावण्याआधीच पाय गळणार, आणि गावात पिकअप एकच, लोकेशची.

आणि तिचंच तर दुखणं होतं. मागच्या पटात लोकेशनं एक नाक खाली केलेली पिकअप पाहिली होती. शिंगं रोखून उभ्या असलेल्या बैलासारखी दिसे. झालं! नागपुरात कुणाकडून तरी त्यानं आपल्या गाडीच्या पुढच्या कमानींचे, म्हणजे स्प्रिंगांचे, काही पट्टे काढवून घेतले. गाडी दिसायला लागली झकास आणि चालायला लागली उखळातल्या मुसळासारखी. खड्डा आला की धाड्! लोकेशनं तोंडात टाकलेला तंबाखूचा खर्रा नाकापर्यंत जाई. दीपिका माहेरी गोंडपिपरीला तिच्यातून एकदाच गेली आणि परत एसटीनं आली.

मागच्या आठवड्यात या गाडीतून जाताना पुलावरच्या खड्ड्यात जावई पुढच्या गुडघ्यांवर आदळला. तेव्हापासून गाडी दिसली की चारही पाय रोवून उभा.

"बुढा झाला तो, मुखरूभाऊ," लोकेश मिशी सोडून म्हणाला. "गाडी मस्त हाये."

"हो ना," दीपिका चुलीजवळून म्हणाली. "म्हनून तर तुमची माय देवळातबी पायी जाते."

नवे कडक शॉकअप लोकेशनं आधीच टाकले होते. धक्का आणखी वाढला. आता चाकातली हवा कमी केली. गाडी बदकासारखी डुलायला लागली. मग मागं धानाच्या पेंढ्याची गुडघाभर गादी अंथरली. जावई ती पाहून मुकाट चढला, निवांत उभा राहून निम्मी गादी खाल्ली आणि उतरून घरी गेला.

शेवटी अंकुशचं गॅरेज. दीपिकाही गेली, कारण मिस्त्री काय म्हणतो त्यातली फक्त तारीफ लोकेशला ऐकू येते, हा तिचा अनुभव.

अंकुश गाडीखाली शिरला आणि तिथूनच बोलला. "कमानी आता नावालाच हाये, भाऊ. हा रबराचा गुटका हाये न, एक्सल त्याच्यावरच येऊन टेकली. दबाले जागाच नाई. खड्डा आला का सरळ गुटक्यावर हाणते."

"मंग नवे शॉकअप?"

"पडलेल्या मानसाले काठीनं झोडपल्यावानी झालं ते."

उपाय साधा होता. काढलेले पट्टे परत टाकायचे, गुटका आखूड बसवायचा, जुने नरम शॉकअप लावायचे. लोकेशचं तोंड उतरलं.

"नाक वर येईन न मंग?"

"थोडसं."

"थोडं खाली राहू दे न गा."

"राहीन. पन शिंगं रोखलेला नाई, पानी पेनारा बैल दिसंन."

दीपिका पदराआड हसली. लोकेशनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

शनिवारी जावयाला न्यायला गाडी आली. मुखरूभाऊ आधी स्वतः चढून मागं बसले. जावयानं फळी हुंगली, एक पाय टाकला, काढला, पुन्हा टाकला. चढला.

"गाडी कशी वाटली, भाऊ?" लोकेशनं निघतानाच विचारलं.

"मले काय इचारतं? तो सांगंन."

दीपिका पुढच्या सीटवरून मागच्या जाळीतून पाहत होती. मुखरूभाऊंची नजर रस्त्यावर नव्हतीच. ती जावयाच्या जबड्यावर होती. भ्यालेला बैल जबडा आवळून धरतो. पूल आला. लोकेशनं श्वास धरला. खड्डा गेला, धाड् झालं नाही. तरी जबडा हलेना. दुसरा खड्डा. तिसरा. मग कधीतरी जावयानं कान झटकला, गळ्यातून काहीतरी वर आलं, आणि जबडा आडवा फिरायला लागला.

"अहो, रवंथ करून राह्यला तो!" दीपिका म्हणाली.

लग्नानंतर पहिल्यांदाच दीपिकानं लोकेशला इतकं हळू गाडी चालवताना पाहिलं. मागून ट्रॅक्टर पुढं निघून गेला, सायकलवाली बाई निघून गेली; त्याला त्याची लाज वाटली नाही.

पटाच्या गावी जावई झोकात उतरला. लोकेशची मिशी पुन्हा वर गेली.

"आता सांगा मुखरूभाऊ, काही कमी हाये काय? पंखा लावू? गादी टाकू? या वेळी न खानारी टाकतो."

मुखरूभाऊ जावयाच्या गुडघ्यांवरून हात फिरवत होते.

"काई नाई बापा. येकच सांगतो. जिंकला तर तू खुशीत जोरात हाकशीन. हरला तर कोनी त्याच्याकडं पाहनार नाई. जिंकू नाईतर हरू, येतानाबी त्याले असाच हळू आन."