लुगड्याचा लाल काठ

दुपारचं जेवण अंगावर आलंय. चित्रं टांगणारी माणसं चहाला गेलीत, शेडमध्ये माझ्याशिवाय कुणी नाही, आणि वरचा पंखा आपल्याच नादात फिरतोय. सामान गुंडाळून आणलेल्या गाद्यांवर मी आईच्या चित्रासमोर जरा टेकते. पाच मिनिटं, अशी स्वतःची समजूत घालते. पापण्या जड होतात. पंख्याच्या आवाजात मागांची खडखड मिसळायला लागते, आणि ही शेड आमच्या बंद पडलेल्या मागांचीच असल्यामुळे मला त्यात काही वावगं वाटत नाही.

उद्या इथं प्रदर्शन उघडतंय. एका बाजूला मी आयुष्यभर हौसेनं जमवलेली आजच्या चित्रकारांची कामं, दुसऱ्या बाजूला माझ्या वडिलांची, म्हणजे कोल्हापूरच्या केशव इंगवले आर्टिस्टांची तैलचित्रं. अप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली. बाकी सगळं जागच्या जागी लागलंय, आईचं हे चित्र तेवढं उतरवून भिंतीपाशी जमिनीवर उभं केलंय. आमचा क्युरेटर मृगांक म्हणतो, हे काढूया. लुगड्याच्या काठाचा रंग ओलीनं गेलाय, हात लावला तरी भुकटी निघते. शिवाय बाई कुणाकडे बघतच नाही, चित्र बोलत नाही. संध्याकाळपर्यंत सांगा, म्हणालाय.

मी तिथंच नाही म्हणायला हवं होतं. पण मलाही हे चित्र कधी आवडलं नाही, हे खरं. आई मी अगदी लहान असताना गेली. तिचा चेहरा म्हणून माझ्याजवळ एवढंच आहे. खऱ्याएवढी आई, पाटावर बसलेली, ओठ मिटलेले, काहीशी नाराज. घरी हे चित्र दारावर पार वर होतं. खाली उभी राहून मी मान दुखेपर्यंत तिची नजर शोधायची, आणि ती माझ्या डोक्यावरून समोरच्या फळीवरच्या डब्यांकडे बघत असायची. माझ्यापेक्षा डबे बरे, असं वाटायचं.

अप्पा शेडच्या दारात चपला काढतायत.

तोच मळका खाकी कोट, खिशातून बाहेर आलेली रंगाची चिंधी, टर्पेंटाइनचा वास. मला नवल वाटत नाही. उशीर झाला एवढंच वाटतं.

"उघडलंस होय?" ते विचारतात.

"उद्या आहे, अप्पा."

"उद्या मला जमायचं नाही. आत्ताच बघतो."

हयात असताना ते सारखे म्हणायचे, काय एवढं जमवतीस, दाखव की एकदा. मी म्हणायची, घरात सगळं कोंबलंय अप्पा, नीट भिंती होऊ द्या, मग गाडी पाठवते. भिंतींना गिलावा झाला त्या पावसाळ्यात ते गेले. दुखणं नव्हतं, भांडण नव्हतं, कुणी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. राहून गेलं, एवढंच. आणि जे नुसतंच राहून जातं त्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

ते हात मागं बांधून हिंडतात. छताला सुतानं टांगलेल्या, मागात सूत इकडून तिकडं नेणाऱ्या लाकडी धोट्यांपाशी थांबतात. एका धोट्याला बोटानं टिचकी मारतात, सगळे हलायला लागतात. मी समजावून सांगायला तोंड उघडते, तर ते म्हणतात, "माग थांबला तरी ह्याचं जाणं-येणं थांबलेलं नाही. असंच ना?"

हे काम मी विकत घेतलं तेव्हा घरचे हसले होते. माझे डोळे भरून येतात.

पुढं एक मोठा पांढरा कॅनव्हास आहे, मधोमध जाळून पाडलेलं भोक. अप्पा त्याला डोळा लावतात. "हे तर आपलं स्वयंपाकघर," म्हणतात. मी वाकून बघते, आणि आम्ही आतच आहोत. चूल पेटलेली, फळीवर डबे, भाकरीचा वास. दारावर आईचं चित्र. धोटे इथंही हलतायत, चुलीच्या धुरात.

जन्मभर विचारलं नाही ते मी विचारते. "आई दुसरीकडं बघताना का काढलीत? रागावली होती का?"

अप्पा चिंधीला हात पुसत राहतात. हात स्वच्छ झाले तरी पुसतात.

"दुसरीकडं कुठं? तू खाली बसली होतीस. मी मांडी घालून काढायचो, अन् तू माझ्या गुडघ्याशी. माझे ब्रश पळवत होतीस. ती तुझ्याकडं बघून हसू दाबतीय."

मग ते हळूहळू सांगतात. आई गेल्यावर चित्र कितीतरी दिवस जमिनीवरच उभं होतं. मी त्याच्यासमोर बसून राहायची. चित्रातल्या लुगड्याचा काठ धरून. जेवायला उठायची नाही, झोपायला उठायची नाही. पोर झुरून जाईल, असं शेजारणी म्हणायला लागल्या. तेव्हा एके दिवशी ते स्टुलावर चढले आणि त्यांनी आई वर टांगली.

"लई रडलीस. मग विसरलीस. विसरलीस म्हणून मला बरं वाटलं, तिथं माझं चुकलं," अप्पा म्हणतात. "आता उतरवू, मग उतरवू म्हणत राहिलो. तुझं लग्नबी होऊन गेलं."

"आणि काठाला ओल कशी लागली?"

"कसली ओल. बोटं आहेत तुझी ती."

चित्र खाली आलंय, कुणी उतरवलं दिसलं नाही. अप्पा जमिनीवर हात थोपटतात. "बस."

मी बसते. फरशी गार आहे. माझा फ्रॉक गुडघ्यांवर पुरत नाही. मी वर बघते आणि आईची नजर येते ती थेट माझ्यावर. उभं राहून जी नाराजी दिसायची ती नाराजी नाहीच. ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे, कसंबसं धरून ठेवलेलं.

"उद्यापर्यंत थांबा की, अप्पा," मी मागं न बघता म्हणते. नजर काढली तर ती जाईल, अशी भीती वाटते.

"बघितलं की सगळं," त्यांचा आवाज दाराकडून येतो, चपला शोधतानाचा. "चांगलं जमवलंस."

हेच ऐकायचं होतं. पण इथं नव्हे, खरंखुरं, खऱ्या कानांनी.

"ताई. ताई, हात काढा, रंग निघतो त्याचा."

मृगांक आहे. पंखा नुसता पंखा झालाय. मी गाद्यांवरून घसरून खाली जमिनीवर आलेय, आणि माझा उजवा हात पुढं जाऊन आईच्या लुगड्याच्या काठावर पडलाय. वर बघते. ती बघतेय.

"मग काय ठरवलंत?" तो विचारतो. "काढायचं ना?"

"आहे तिथंच राहू दे. असंच, जमिनीवर. समोर एक चटई टाका. आणि काठाला कुणी नवा रंग लावायचा नाही."

तो चटईची जागा बघायला वाकतो. मग त्याला माझी बोटं दिसतात, टोकांना लाल भुकटी लागलेली. तो खिशातून रुमाल काढून पुढं करतो.

मी मूठ मिटून घेते.