घरचीला कोण विचारतं

धाकटी बहीण परदेशातून माहितीपट काढायला आली आणि थोरलीच्या घराची धर्मशाळा झाली. पुढच्या खोलीत कॅमेरा, दिवे, पायांत येणाऱ्या वायरी. मागच्या खोलीत थोरली शाळेचे गणवेश शिवत बसलेली. फिल्मचा विषय एकच: साध्या माणसांना आपला देश कसा वाटतो. दूधवाली येऊन बोलून गेली, पोस्टमन तर दोनदा. थोरली सगळ्यांना चहा द्यायची आणि पडद्याआडून ऐकायची.

ऐकून ऐकून तिच्या पोटात दुखू लागलं. त्या दिवशी घड्याळवाला आला. त्याचं चऱ्हाट धाकटी किती मायेनं ऐकत होती! "मग तुम्हाला काय वाटलं, काका?" असा आवाज थोरलीच्या वाट्याला कधी आला नव्हता. आई अंथरुणाला खिळली तेव्हासुद्धा फोनवर फक्त, "तू आहेस ना, ताई."

तिनं मशीनवर पाय दाबला. खडखडखड!

"ताई, थांबव ना जरा. आवाज येतोय."

थोरली थांबली. घड्याळवाल्यानं तोंड उघडलं की पुन्हा सुरू. शेवटी धाकटी पडदा सारून आत आली.

"मुद्दाम करतेस ना?"

"हो, मुद्दाम! अख्खं गाव पालथं घातलंस. मला विचारलंस कधी?"

"अगं, तू घरची. तुझं मत मला माहीत आहे."

"सांग बघू काय ते."

धाकटीनं घड्याळवाल्याला उठवलं आणि त्या खुर्चीत थोरलीला बसवलं.

आधी थोरलीनं अंगावरचे दोरे झटकले. मग म्हणाली, "सोडून जाणाऱ्यांना देशाची आठवण येते. आम्हाला कसली आठवण? आम्ही इथंच. शिव्या घालतो आणि सकाळी त्याच रस्त्यानं कापड आणायला जातो." तिनं बहिणीकडे बघितलं. "मलाही जायचं होतं गं. तुझा हेवा वाटायचा. अजून वाटतो. ठेवशील हे फिल्ममध्ये?"

कॅमेऱ्यामागे धाकटीनं डोळे पुसले. "मग, ताई?" तिनं विचारलं, त्याच मायेच्या आवाजात.

शाळेच्या सभागृहात फिल्म दाखवली. थोरलीचं बोलणं जसंच्या तसं होतं. लोक वळून वळून बघत होते, ती ताठ बसली होती. पण टाळ्या पडल्या त्या घड्याळवाल्याच्या विनोदाला.

बाहेर पडताना धाकटीनं तिचा हात धरला. "कशी वाटली?"

"बरी आहे," थोरली म्हणाली. "पण त्या मेल्याला माझ्यापेक्षा जास्त वेळ दाखवलंस."