आठ, पण कशाचे?

माझी फुशारकी मला नडली, दुसरं काही नाही. बांधकाम व्यवस्थापन शिकवण्यात आणि पुरात-भूकंपात इमारती कशा तगतात याचा अभ्यास करण्यात माझी सगळी नोकरी गेली. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर वाशीमला प्रशिक्षण द्यायला आले, तेव्हा आपलं पहिलं काम चारचौघांत मिरवावं म्हणून जुनी वही सोबत आणली. नुकती इंजिनीअर झाले होते तेव्हा अनसिंगच्या, म्हणजे माझ्याच गावच्या, देवळापुढच्या सभामंडपाचा स्लॅब मी आखून दिला होता. आता पूर आला तर नाल्याकाठच्या आळीनं त्याच स्लॅबवर चढायचं, असं माझ्याच पूरबचावाच्या आराखड्यात लिहिलं होतं. त्या दिवशी सकाळीच त्याची रंगीत तालीम होती.

चहा पिता पिता वही उघडली आणि कप तसाच खाली ठेवला. माझंच अक्षर: ‘छतावर माणसं जाणार नाहीत असं धरलं आहे.’ त्याच हिशेबानं सळी लिहिली होती बारीक, ८. आधी काय धरलंय ते बघा, असं मी वर्गात पोरांच्या डोक्यावर बसून सांगते. स्वतः मात्र इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं.

गावी दादाला फोन लावला. “तालीम थांबव.”

“आता काहून? अर्धी आळी चढून राह्यली. तूच तं लिहून देल्लं.”

सगळ्यांना उतरव, असं ओरडून फोन ठेवला आणि स्लॅबमधल्या सळ्यांची जाडी मोजायचं यंत्र काखोटीला मारून जीपमध्ये बसले. रस्ताभर ड्रायव्हरवर उगाच खेकसले. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

पोचले तर कोणीच उतरलं नव्हतं. बाया लेकरं घेऊन वर निवांत बसल्या होत्या. तो स्लॅब ज्यांनी टाकला ते म्हातारे मिस्त्रीकाकाही त्यांच्यातच होते.

“उतरा सगळे,” मी खालून म्हणाले. “माझी चूक झाली आहे. स्लॅब कमजोर आहे.” गावासमोर हे बोलायला जीभ रेटत नव्हती. पण बोलले.

लोक कुरकुरत उतरले. मिस्त्रीकाका शेवटी आले आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “कमजोर नाही, माय. तुह्या कागदावरची सळी म्या टाकलीच नाही.”

मी शिडीवर चढून यंत्र स्लॅबला खालून लावलं. आकडा आला बारा. शिडी चार हात सरकवली, पुन्हा बारा. दहा ठिकाणी बघितलं, आणि मग शिडीच्या पायथ्याशी बसले. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

“तू आठ लिवलं होतं,” काका म्हणाले. “आठ सूत म्हंजे इंचभर जाड सळी. स्लॅबात कोनी टाकते काय? मले वाटलं, पोरगी चुकली. मंग चार सूत टाकली, अन् जाडीबी वाढवली.”

मिस्त्री सळी सुतात मोजतात, हे तेव्हा मला कुठे ठाऊक? चार सूत म्हणजे आमचे बारा मिलिमीटर. मी आठ मिलिमीटर म्हणत होते आणि लिहिताना नुसतं आठ लिहिलं होतं. माझ्या एका चुकीनं दुसरी झाकली होती. हसू आवरेना, आणि हसता हसता रागही आला.

“मग तेव्हाच मला विचारलं का नाही, काका?”

“कसा इचारू? पोरीच्या कागदावर स्लॅब टाकून राह्यला म्हून गाव मले हसतच होतं. इचारलं असतं तं चावडीवर गेलं असतं, पोरगी चुकली म्हून. मंग तुले कोनी काम देल्लं असतं?”

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी याच स्लॅबचा फोटो पुढे ठेवला होता आणि तेवढ्यावरच मला घेतलं होतं. ते मी त्यांना सांगितलं.

“म्हंजे कामी आला तं स्लॅब,” ते म्हणाले, आणि आळीतल्या लोकांना परत वर चढायला हात केला.