लाभ, दोन, तीन

आमच्या मांडवीच्या काकांइतका रागीट माणूस अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो काकांशी एकदा बोलून गाव सोडून गेला असेल. बाकीची माणसं सकाळी उठून चहा घेतात. काका सकाळी उठून आधी चिडतात आणि मग चहा घेतात; चहा कोमट निघाला तर मग विचारूच नका. उलट घडी घातलेलं वर्तमानपत्र, पाणी यायच्या वेळेला जाणारी वीज, समुद्रावर येऊन वाळूत वेफर्सच्या पिशव्या सोडून जाणारे पाहुणे, यांतलं काहीही त्यांना दिवसभर पुरायचं. पण हे सगळे किरकोळ राग. त्यांचा खरा, मुरलेला राग एका हाडासाठी राखून ठेवलेला होता. छातीच्या मधोमध जे चपटं, उभं हाड असतं, ज्याला मराठी पुस्तकात उरोस्थी आणि आमच्या कॉलेजात स्टर्नम म्हणतात, त्या हाडाबद्दल कोणी वेडावाकडा शब्द काढला की काकांचे कान लाल व्हायचे.

काका म्हणजे माझे घरमालक. मी चिपळूणच्या आतल्या बाजूच्या खेड्यातली. बाबा लोट्याला कंपनीत पाळ्या करतात. रत्नागिरीला मेडिकलला नंबर लागला तेव्हा काकूंनी मला माडीवरची खोली दिली. काका स्वतः डॉक्टर नव्हेत. मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात, जिथे मुलं मृतदेहांवर शरीर शिकतात त्या हॉलमध्ये, त्यांनी अख्खी नोकरी अटेंडंट म्हणून काढली. हाडं स्वच्छ करायची, वाळवायची, त्यांवर नंबर घालायचे, परीक्षेच्या दिवशी ताटात मांडायची. हे करता करता त्यांना शरीरातली दोनशे सहाही हाडं अंधारात हात लावून ओळखता यायला लागली. कितीतरी डॉक्टरांना म्हणे त्यांनी हाड हातात कसं धरायचं ते शिकवलं. ते डॉक्टर पुढे मोठे झाले आणि रस्त्यात ओळख दाखवीनासे झाले, हाही एक जुना राग होताच.

आमची पहिली भेट मी विसरणं शक्य नाही. मी पडवीत बसून कॉलेजातून आणलेलं प्लास्टिकचं हाड हातात घेऊन पाठ करत होते. काका बाहेरून आले, थांबले, चष्मा वर केला.

"हे काय आहे?"

"स्टर्नम, काका."

"हे हाड आहे? मला वाटलं शांपूची बाटली. आणि धरलंस कसं ते? खरबरीत बाजू कुठे, गुळगुळीत कुठे? पाठमोरा केलास गो माणूस! उद्या पेशंटलाही असाच भिंतीकडे तोंड करून बसवणार आहेस?"

मीही काही गरीब गाय नाही. मी म्हटलं, "काका, माझा आज पहिला दिवस आहे." त्यावर ते म्हणाले, "मग आजच शिक. चुकायला पुढे अख्खं आयुष्य पडलंय." आणि ते आत गेले ते थेट काकूंची नारळ फोडायची कोयती घेऊन बाहेर आले. मी उठून उभी राहिले. खोटं का सांगू, मला वाटलं हा माणूस आता मला मारतो.

पण ती कोयती माझ्या शिक्षणासाठी होती. पुस्तकात या हाडाला तलवारीची उपमा आहे, वरचा रुंद भाग मूठ, मधला लांब भाग पातं, खालचं टोक. या तलवारीवर काकांचा फार राग. "तलवार बघितल्येस कधी? नाही ना? मग कोयती बघ. ही मूठ, मॅन्युब्रियम. हे पातं, बॉडी. हे टोक, झायफॉइड. टोक तरुणपणी कूर्चेचं असतं, मऊ. म्हातारपणी हाड होतं. माझं झालंय." आतून काकू दर वेळी हळूच म्हणायच्या, "अहो, तुमचं हाड झालं असेल तर कोयती द्या, माझा नारळ राहिलाय!" पहिल्या वर्षात आमच्या घरी आमटीत खोबरं कमी पडलं असेल तर त्याला हे एक हाड कारण आहे.

मग आली मोजणी. छातीवर बरगड्या मोजायच्या तर सुरुवात कुठून करायची, यात सगळी गंमत आहे. पहिली बरगडी गळ्याजवळच्या आडव्या हाडाखाली दडलेली असते. बाहेरून हाताला लागत नाही. म्हणून गळ्याच्या खालच्या खळग्यात बोट ठेवायचं, तिथून खाली सरकवायचं, की मूठ आणि पातं जिथे जुळतात तिथे एक आडवा उंचवटा लागतो. त्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना दुसरी बरगडी. जगातले सगळे डॉक्टर तिथे बोट ठेवून "दोन" म्हणतात आणि पुढे मोजतात. काकांना हे मुळीच मान्य नव्हतं. त्यांची आई खळ्यावर भात मापायची तेव्हा पहिल्या पायलीला "एक" म्हणायची नाही, "लाभ" म्हणायची. लाभ, दोन, तीन. आमच्याकडेही माझी आत्या असंच मापते. काकांनी ते उचलून बरगड्यांना लावलं होतं. "पहिली हाताला लागत नाही म्हणून ती नाहीच काय? तिचं नाव घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. बोट खळग्यात, तोंडाने लाभ. मग उंचवटा, दोन." मी एकदा घाईत थेट दोनपासून सुरुवात केली, तर त्यांनी मला चक्क पायरीवर उभं केलं. मेडिकलच्या मुलीला! शेजारच्या वहिनी कुंपणापलीकडून बघत होत्या.

रागाला गावाचीही वेस नव्हती. एकदा शहरात एका सभागृहात, हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची याचं प्रात्यक्षिक होतं. एक उत्साही कार्यकर्ता रबरी पुतळ्यावर दाबून दाखवत होता आणि त्याचा तळहात जरा खाली गेला. तिसऱ्या रांगेतून काका उठले. "टोकावर दाबतोस मेल्या? टोक मोडून लिव्हरात घुसेल! पात्यावर दाब, पात्यावर!" लोकांना वाटलं, कुठे पंख्याचं पातं पडतंय, अर्धे लोक वर बघायला लागले. कार्यकर्त्याने नम्रपणे विचारलं, "आजोबा, तुम्हीच दाखवता का?" काका व्यासपीठावर चढले आणि असे दाबत सुटले की पुतळ्याची आतली स्प्रिंग निखळली. परत येताना रिक्षात म्हणाले, "पुतळाच कच्चा होता." मी बाहेर तोंड करून हसू दाबत होते. तेही चुकीच्या जागी दाबतेस, असं म्हणतील या भीतीने.

वर्षअखेरीच्या तोंडी परीक्षेला बाहेरून घाटावरचे एक परीक्षक आले होते. त्यांनी एका मुलाला छाती उघडी करून बसवलं आणि मला म्हणाले, "चौथी बरगडी दाखवा." मी बोट खळग्यात ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "लाभ." परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "काय?" माझी जीभ थांबेना. "दोन, तीन, चार. ही चौथी, सर." ते म्हणाले, "चौथी बरोबर आहे. लाभ कुठली?" मी म्हटलं, "पहिली, सर. असते, पण लागत नाही." ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरचे परीक्षक बघायला आले. मी पास झाले. घरी येऊन सांगितलं तर वाटलं, काका खूश होतील. कसले खूश! "लाभ म्हणजे काय ते विचारलं त्याने? आणि असल्या माणसाला परीक्षा घ्यायला पाठवतात?" जेवणभर त्यांचं तेच चाललं होतं.

या माणसाने देहदानाचा फॉर्म भरलेला होता, आणि त्याची प्रत फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलेली होती. आल्यागेल्याला ते ती दाखवायचे. "मी गेलो की इथल्याच कॉलेजात. पोरांना खरं हाड मिळेल, अखंड. प्लास्टिकवर शिकायला नको." हे बोलताना तेवढे ते चिडलेले नसायचे.

मी तिसऱ्या वर्षात असताना काकांच्या छातीत दुखायला लागलं. आधी ते ॲसिडिटीवर चिडले, मग काकूंच्या फोडणीवर, मग फणसावर. शेवटी मी आणि काकूंनी त्यांना जबरदस्तीने नेलं. रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. बायपास करावी लागेल, लवकर करावी लागेल, उशीर केलात तर काही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काकांनी एकच प्रश्न विचारला.

"हाड कापणार?"

"हो, मधोमध. त्याशिवाय आत जाता येत नाही."

"मग नाही," काका म्हणाले आणि शर्टाची बटणं लावायला लागले.

घरी आल्यावर पडवीत जे भांडण झालं, तसं मी आयुष्यात कोणाशी केलेलं नाही. माझ्या बाबांशीही नाही. काका म्हणत होते, "कॉलेजला अखंड हाड कबूल केलंय मी. शब्द दिलाय." मी म्हटलं, "कोणाला दिलाय शब्द? हाडाला?" ते म्हणाले, "तुला कळायचं नाही. कापलेलं हाड पोरांपुढे कसं ठेवायचं?" आणि मी इतकी चिडले, इतकी चिडले की हातातलं पुस्तक भिंतीवर आपटलं. "मला तीन वर्षं या हाडावरून बोल बोल बोललात! त्याच्यामागे काय असतं ते विसरलात? काळीज असतं काका, काळीज! डबा जपायचा आणि आतला लाडू कुजू द्यायचा?" मी रडत होते आणि ओरडत होते, दोन्ही एकदमच. मला त्यांचा खरोखर राग आला होता. अजूनही आठवलं की येतो.

तेवढ्यात काकू आतून आल्या. त्यांच्या हातात कोयती होती आणि इतकी वर्षं हळू बोलणाऱ्या त्या बाई अजिबात हळू बोलल्या नाहीत. "तुमचं हाड जाईल कॉलेजात. मी संध्याकाळचा चहा कोणाबरोबर पिऊ? त्या फ्रेमबरोबर?"

मग मला एकदम सुचलं आणि मी डोळे पुसत म्हटलं, "आणि कोरं हाड काय, सगळ्याच कॉलेजांत असतं. तारांनी शिवलेलं कुठे असतं?"

"तारा?" काका म्हणाले.

"कापल्यावर परत जोडतात ना. स्टीलच्या तारांनी. वर मुठीतून आरपार, खाली पात्याभोवती."

"गंजत नाहीत?"

"नाही."

काका घसा खाकरून म्हणाले, "पोरांना दिसतील नीट त्या तारा?" काकू मटकन पायरीवर बसल्या आणि तिथेच रडायला लागल्या.

ऑपरेशन मुंबईला झालं, नीट झालं. पण त्यानंतर महिनोन् महिने घर ओळखू येईना. खोकला आला की छातीशी उशी कवटाळायची, आणि ओरडायचं तर मुळीच नाही. ओरडलं की हाड दुखायचं. चहा गार झाला तरी काका गप्प. शेजारच्या वहिनी दोनदा येऊन विचारून गेल्या, "काका बरे आहेत ना? आवाज नाही तो." हाड जुळलं, दुखायचं थांबलं, पण राग काही पहिल्यासारखा परत आला नाही. वाळूत पिशव्या टाकणाऱ्यांकडे ते नुसते बघत राहायचे. मला त्या पाहुण्यांचा आता दुप्पट राग यायला लागला. कोणीतरी चिडायला नको का?

यंदा माझी शेवटची परीक्षा झाली. इंटर्नशिपचे पहिले महिने हर्ण्याजवळच्या आरोग्य केंद्रात काढायचे होते. निघायच्या दिवशी संध्याकाळी सामान पडवीत बांधून ठेवलं होतं. काकूंनी चहा आणला. काकांनी शर्टाची वरची बटणं सोडली आणि म्हणाले, "जाता जाता एकदा मोज. माझं हाड कॉलेजात येईल तेव्हा तू असायची नाहीस."

छातीवर मधोमध व्रणाची फिकट रेघ होती. मी बोट ठेवलं. कातडीखाली तारेची एक बारीक गाठ लागली, आणि खाली तो उंचवटा, होता तिथेच. मला काय वाटलं कोण जाणे, मी मुद्दामच खळगा सोडला आणि थेट उंचवट्यावर बोट ठेवून मोठ्याने म्हटलं, "दोन."

मी वाट बघत राहिले. पायरीवर उभं करतील, मेली म्हणतील, सगळी मांडवी गोळा करतील.

काका चिडले नाहीत. त्यांनी माझं बोट धरलं, हळूच उचललं आणि गळ्याच्या खळग्यात नेऊन ठेवलं.

"लाभ राहिला गो," ते म्हणाले.

मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.